पुणतांब्याची तिसरी गोदावरी

पुणतांब्याची गोदावरी मराठी वाचकाला ठाऊक आहे ती चांगदेवांमुळे. चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेला हा योगी आणि ज्ञानेश्वरांनी त्याला धाडलेल्या पासष्ट ओव्या, या कथेची छाया इथल्या समाधीवर आणि अहिल्याबाई होळकरांच्या घाटावर आहे. ही तीर्थाची नदी. नाशिकच्या कुसुमाग्रजांनी ‘कणा’मध्ये दुसरी दाखवली, पूर होऊन घरात शिरणारी. पण तिसरी, पाटातून वाहणारी गोदावरी आपल्या साहित्याने फारशी पाहिली नाही, आणि पुणतांब्याचे विसावे शतक मुख्यतः तिनेच घडवले असे माझे मत आहे.

नांदूर मधमेश्वरचा बंधारा, दारणा धरण आणि दोन्ही तीरांचे कालवे 1916 च्या सुमारास पुरे झाले. हेतू दुष्काळनिवारणाचा होता, पण पाण्यामागे ऊस आला, उसामागे चांगदेव शुगर मिल्ससारखे कारखाने आले. पाळी, आवर्तन, चारी, पाटकरी हे शब्द रोजच्या बोलण्यात रुजले. घाटावर नदी कुणाचीही होती. चारीवर मात्र तुमचे पाणी किती आणि कधी, हे ठरू लागले. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहेच, असा आक्षेप येईल. ती मोठी कादंबरी आहे, पण तिचे दुःख धरणाखाली बुडालेल्यांचे. पाणी मिळालेल्यांचे, आणि मिळता मिळता हुकलेल्यांचे जग तिच्या कक्षेबाहेर राहते.

कालवा हा सरकारी दप्तराचा विषय, त्यात वाङ्मय कसले, असेही कोणी म्हणेल. स्कॉटलंडच्या नील गनने 1937 च्या ‘हायलँड रिव्हर’मध्ये याचे उत्तर दिले आहे. नदीतला सॅमन मासा जमीनदाराचा; तो पकडणारा गरीब मुलगा कायद्याने चोर. नदीवर हक्क कुणाचा, या एका प्रश्नातून गनने मुलाचे मन, गाव आणि इतिहास उभा केला. पुणतांब्यात तो प्रश्न आजही जिवंत आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातील समन्यायी वाटपानुसार नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी सोडलेले पाणी याच घाटांवरून खाली जाते, आणि ते अडू नये म्हणून वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. मराठवाड्याचा त्या पाण्यावरचा हक्क खरा आहे. काठावरच्या शेतकऱ्याची तहानही खोटी नाही. जून 2017 मध्ये याच गावातून शेतकरी संप पेटला तेव्हा मागण्या कर्जमाफीच्या आणि दराच्या होत्या, पण त्या करणारा बागायतदार शंभर वर्षांच्या पाटपाण्याने घडवलेला होता. त्याची कादंबरी अजून लिहून व्हायची आहे.