बिरवाडीच्या दवाखान्यातले संशोधन

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे मंडळाने सुचविले. इतिहास म्हटला की आपण गडकिल्ल्यांकडे वळतो. मी मात्र रायगड ज्या महाड तालुक्यात आहे, तिथल्याच एका सरकारी दवाखान्याचा इतिहास सांगणार आहे. आपल्या कोटे तालुक्यात शेतावर राहणाऱ्यांना आणि रुळांवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना तो जवळचा वाटेल, कारण विषय विंचवाचा आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांना गावात ‘बॅरिस्टर’ म्हणत. म्हणून पुढे त्यांनी आत्मचरित्राला नाव दिले ‘बॅरिस्टरचं कार्टं’. मिळेल ते काम करीत ते शिकले आणि नागपूरहून एम.बी.बी.एस. झाले. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

कोकणात तेव्हा लाल विंचवाची दहशत होती. भाताचे भारे, लाकडे, जांभ्या दगडाच्या फटी, कुठेही तो असायचा. काळा विंचू दिसतो मोठा, पण खरा घातकी हा लहानसा लाल. दंश झालेल्याला उलट्या होत, दरदरून घाम सुटे, हातपाय गार पडत आणि काही तासांत छातीत घरघर लागे. गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. त्यात मुले बरीच. कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी डोंगरातल्या वाडीवरून मोठ्या इस्पितळात पोहोचणे किती अवघड, हे सांगायला नको.

बावस्करांनी नशिबाला दोष दिला नाही. रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवीत गेले. त्या नोंदींवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माणूस नेमका कशाने मरतो, हे त्यातून उलगडत गेले. आमच्या भाषेत सांगायचे तर, पंप चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह कोणी आवळावा, तसे हे विष रक्तवाहिन्या आवळते. हृदयावर दाब येतो, ते थकते आणि पाणी मागे फुप्फुसांत तुंबते.

मग व्हॉल्व्ह सैल केला तर? पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. होऊनही ते शहरात न थांबता याच भागात परतले. प्रथम त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. पण ते सलाईनमधून, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते; खेड्यात ते कसे जमणार? म्हणून रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी निवडली, प्राझोसिन. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेले हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले. एवढ्यावर न थांबता या दांपत्याने महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी करून, गोळीला विंचूदंशाच्या लसीची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये ‘बीएमजे’तून दाखवून दिले. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

संशोधनाला मोठी प्रयोगशाळाच लागते, असा आपला समज असतो. इथे होते रक्तदाबाचे यंत्र, वही आणि रात्रभर जागण्याची तयारी. आम्ही रेल्वेवालेसुद्धा प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवतो, पण ती फाईलला लावून विसरतो. ‘असे का झाले?’ हा प्रश्न त्या नोंदीला विचारला, तर तिथून शास्त्र सुरू होते.

लाल विंचू कर्नाटकातही आढळतो. तेव्हा खडीत, लाकडांत हात घालताना जपा. बूट झटकून घाला. आणि दंश झालाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णाला थेट दवाखान्यात न्या. विद्येच्या देवतेच्या उत्सवात एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

गणपती बाप्पा मोरया!