विजयदुर्गाची गोदी

बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. तथापि नावेची किंमत काय असते हें त्याच्या उत्तर सीमेवरील गोदावरीनें एकदां चांगलेंच दाखवून दिलें. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवन येथें मराठ्यांनीं निजामाच्या फौजेस गांठलें, तेव्हां खुद्द निजाम अलीखान कांहीं सैन्यासह पैलतीरीं उतरला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह ऐलतीरावर होता. मध्यें पावसाळ्यांतील नदी! विठ्ठल सुंदर रणांत पडला, आणि धन्यास पलीकडून त्याचें साहाय्य करितां आलें नाहीं. या विजयाचा गौरव सर्वत्र होतो. परंतु त्याच्या साडेसात वर्षें आधीं पाण्याच्याच बाबतींत मराठ्यांनीं केवढें नुकसान ओढवून घेतलें होतें, याचें स्मरण क्वचितच होतें.

विजयदुर्गापासून वाघोटण खाडीनें सुमारें दोन मैल आंत गेलें असतां आंग्र्यांच्या काळची एक गोदी आढळते. तिची लांबी सुमारें ३५५ फूट व रुंदी २२७ फूट आहे. तोफांच्या कथा सर्वांस ठाऊक असतात. गोदीकडे मात्र कोणी वळत नाहीं. पण आरमाराचें आयुष्य अशा गोदींतच ठरत असे. लांकडी जहाज पाण्यांत नुसतें उभें राहिलें, तरी झिजतें. तळाला शेवाळ व शिंपले चिकटून त्याचा वेग मंदावतो, आणि खाऱ्या पाण्यांतील किडे फळ्या पोखरून काढतात.

यास्तव भरतीच्या पाण्यावर जहाज आंत घ्यावयाचें, ओहोटी लागली कीं तळ उघडा करावयाचा, आणि मग सुतारांनीं कामास लागावयाचें, अशी जुनी रीत होती. तळ खरवडून स्वच्छ करीत. कुजलेली फळी काढून तिच्या जागीं सागाची नवी फळी बसवीत. सांध्यांत तेल-राळेंत भिजविलेला कापूस ठोकून भरीत, आणि किड्यांपासून रक्षण व्हावें म्हणून तळास चुना व तेल यांचा लेप देत. सागाच्या अंगीं तेल असल्यामुळें त्यांत ठोकलेले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहींत. ओकच्या लांकडांत ते लवकर खराब होतात.

ही विद्या पदरीं असतांहि आंग्र्यांचें आरमार बुडालें, तें कारागिरांच्या दोषामुळें नव्हे. तुळाजी आंग्रे व नानासाहेब पेशवे यांचें वितुष्ट आलें, आणि १७५५ त पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर हल्ला चढविला. आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांकडूनच हस्तगत केलेलें ‘रिस्टोरेशन’ नांवाचें जहाज पेटलें. आग पसरली, आणि खाडींत उभें असलेलें आरमार भस्म झालें. त्याच वर्षीं तहानें किल्ला पेशव्यांस मिळाला. जळालेलीं जहाजें मात्र मिळणें शक्य नव्हतें. पुढें धुळपांनीं आरमार पुन्हां उभारलें, व १७८३ त ‘रेंजर’ हें इंग्रजी जहाज पकडलेंहि. पण आंग्र्यांचा दरारा पुन्हां आला नाहीं.

इकडे मुंबईंत इंग्रजांनीं वेगळें धोरण धरिलें होतें. सुरतेच्या लवजी नसरवानजी वाडियांस त्यांनीं १७३६ त आणविलें, आणि १७५० त तेथें कोरडी गोदी बांधली गेली. लवजींच्या वंशजांनीं १८१७ सालीं सागाचें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज पाण्यांत सोडलें. विलायतेंत हार्टलपूल येथें १९९० ते २००१ या काळांत त्याची डागडुजी करण्यांत आली, आणि मुंबईच्या सुतारांचें तें काम आजहि तेथें पाहावयास मिळतें.

साग तोच, कापूस तोच, हातहि याच किनाऱ्याचे. अंतर पडलें तें धन्यांच्या दृष्टींत. एकानें कारागिरांस पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें. दुसऱ्यानें भावाशीं वैर साधण्यासाठीं आपलेंच तारूं शत्रूच्या हवालीं केलें. विजयदुर्गाच्या गोदींत आजहि भरती-ओहोटी नियमानें येतात, आणि हाच धडा सांगून जातात.