कुणीही राहत नसलेल्या खांदेरी बेटासाठी मराठे आणि इंग्रज का भिडले?

अलिबागजवळच्या थळ किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी आणि लांबचं खांदेरी. खांदेरीवर गाव नाही, शेती नाही. दीपगृहाचे कर्मचारी आणि वेताळाच्या दर्शनाला येणारे कोळी बांधव सोडले तर तिथे फारसं कुणी नसतं.

तरीही या बेटासाठी मोठी लढाई झाली. कारण त्याची जागा. दक्षिणेकडून मुंबई बंदरात जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवता येते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईचे इंग्रज हादरले. मायनाक भंडारी बेटावर तट उभा करत होते, इंग्रज जहाजं रसद तोडायला पाहत होती. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. त्यांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांनी पकडलं, मात्र ‘रिव्हेंज’ने चिवट झुंज देऊन हल्ला परतवला. तरी बांधकाम थांबलं नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून माघार घेतली. इंग्रजांना जमलं नाही म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावून तिथे तटबंदी उभारली आणि दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली!

तटाबाहेर पाण्यात मोठमोठे दगड टाकलेले आहेत. त्यांना शिंपले चिकटून कडा धारदार होतात, त्यामुळे शत्रूला बेटावर उतरणं अवघड जाई. बेटावर एक दगडही आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की धातूच्या भांड्यासारखा आवाज येतो. उंच टेकडीवरचं दीपगृह १८६७ सालचं. १९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे.

बेटावर जाण्यासाठी थळहून होडी लागते, पावसाळ्यात ती मिळत नाही. आधी परवानगीची चौकशी करून निघालेलं बरं. पुसदसारख्या लांबच्या गावाहून एवढा प्रवास करून आलात, तर अलिबागला कान्होजी आंग्रे यांची समाधी आणि ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला चुकवू नका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून अलिबागला हलवलेली, १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळाही इथेच आहे. थोडं उत्तरेला किहीम. तिथेच सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता.