वर्धा शिक्षण योजना ते स्वयंअर्थसहाय्यित शाळा : स्वावलंबनाचा बदलता अर्थ

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या व मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला. शिक्षकांचे वेतन क्रमशः विद्यार्थ्यांच्या हस्तोद्योगातून निघावे, ही अपेक्षा वादग्रस्त ठरली. तथापि उत्पादित माल शासनाने खरेदी करावा, असे गांधीजींचे प्रतिपादन होते. म्हणजेच या स्वावलंबनात शासनाची जबाबदारी गृहीत होती.

२०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमानंतर मात्र हा भार मुख्यतः पालकांच्या शुल्कावर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट मिळाली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्धा जिल्ह्यातीलच सेलू तालुक्यातील शेतमजुराच्या दृष्टीने स्वावलंबनाची किंमत कोणी मोजावी, हाच मूळ प्रश्न उरतो.