पुराना किल्ला ते योकोहामा

दिल्लीतल्या पुराना किल्ल्यात शिरले की डोळ्यांसमोर हुमायून आणि शेरशाह येतात. १९४२ साली मात्र याच तटांच्या आत तंबू उभे होते आणि त्यांत मलाया-सिंगापूरहून धरून आणलेले दोन हजारांहून अधिक जपानी नागरिक राहत होते. दुकानदार, छायाचित्रकार, कोळी, बायका, मुले. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचा देश शत्रू ठरला होता.

वास्तविक जपानी जहाजांशी आपली ओळख व्यापारातली. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साथीने निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने कोबे ते मुंबई अशी नियमित फेरी सुरू केली. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला आणि पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी हलली. १९३० च्या सुमारास याच कंपनीची तात्सुता मारू, चिचिबू मारू ही देखणी प्रवासी जहाजे पॅसिफिकवर धावू लागली. चिचिबू पुढे कामाकुरा झाली.

युद्धात ही जहाजे सरकारच्या कामाला लागली. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये ब्रिटन आणि जपान यांनी पोर्तुगीज आफ्रिकेतल्या लोरेन्सो मार्किस बंदरात एकमेकांचे नागरिक परत केले. पुराना किल्ल्यातल्या काही जणांना मुंबईहून तिकडे नेण्यात आले. जपानकडून आली होती तात्सुता आणि कामाकुरा. त्यांच्या अंगावर पांढरे क्रूस रंगवले होते, म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. किल्ल्यात उरलेल्यांची रवानगी पुढे राजपुतान्यातल्या देवळीच्या छावणीत झाली.

अदलाबदल संपली आणि क्रूस पुसले गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये अमेरिकी पाणबुडीने तात्सुता बुडवली; एकही माणूस वाचला नाही. एप्रिलमध्ये कामाकुरा गेली, दोन हजारांवर माणसांसह. ऑक्टोबरात गोव्याच्या मुरगाव बंदरात जपान-अमेरिका अदलाबदल झाली. तिथे आलेली तेइया मारू, मूळची फ्रेंच आरामिस, पुढच्या ऑगस्टात सैनिकांसह तळाशी गेली.

त्या पिढीतले हिकावा मारू तेवढे योकोहामाच्या धक्क्यावर जपून ठेवले आहे. युद्धात ते इस्पितळ-जहाज होते. पुराना किल्ल्यात जपान्यांची खूण दिसत नाही. पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, तिथे पुन्हा तंबू पडले. या वेळी आत होते पाकिस्तानच्या गाडीची वाट पाहणारे दिल्लीचेच मुसलमान. त्यांना परदेशी ठरवायला तर समुद्रही लागला नाही.