आम्ही फ्रॉक शिवतो

मराठीत 'आम्ही' हा शब्द फार सोयीचा आहे. 'आम्ही घर बांधलं' असं सांगणाऱ्या गृहस्थाने जन्मात एक वीट उचललेली नसते आणि 'आम्ही यंदा लोणचं घातलं' म्हणणाऱ्याला विळीची धार कुठल्या बाजूला असते हेही ठाऊक नसतं. त्याच चालीवर सांगतो, की गेल्या गणपतीत आम्ही एक फ्रॉक शिवला.

निमित्त आमच्या नातीचं. सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. तीन झाशीच्या राण्या, दोन शिवाजीमहाराज, एक लोकमान्य आणि एक भाजीवाली, हा दरवर्षीचा ठरलेला हिशेब. लोकमान्यांची मिशी व्यासपीठावर गळून पडते, तेही ठरलेलं. यंदा नातीने जाहीर केलं, "मी डॉरोथी होणार!"

'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ सालच्या अमेरिकन सिनेमातली ही मुलगी. चक्रीवादळात घरासकट उडते आणि जादूच्या मुलुखात जाऊन पडते. अंगात निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पिनाफोर, आत फुग्यांच्या बाह्यांचा पांढरा ब्लाउज आणि पायात लाल चमचमते बूट.

"पण आजी, अगदी तस्साच हवा हं! सिनेमातल्यासारखा."

आजीने "बघू" म्हणून चष्मा पुसला आणि मशीनवरची खोळ काढली. या 'तस्सं'ची जबाबदारी मात्र मी आपण होऊन अंगावर घेतली. म्हणजे शिवायचं हिने आणि इतिहास पाहायचा मी. घरातली कामं अशी वाटून घेतली की संसार सुखाचा होतो.

पहिल्याच दिवशी माझ्या संशोधनाला यश आलं. हिने पांढरंशुभ्र पॉपलीन आणून ब्लाउज बेतला होता. मी म्हटलं, "थांब! तो ब्लाउज पांढरा नव्हताच. फिकट गुलाबी होता. त्या काळच्या टेक्निकलर फिल्मवर पांढरा रंग नीट येत नसे, म्हणून गुलाबी घातला. पडद्यावर तो पांढरा दिसला."

"मग?"

"मग आपल्यालाही गुलाबीच पाहिजे. अस्सल तेच!"

हिने दातांतली टाचणी काढली. "त्यांनी गुलाबी का घातला? पांढरा दिसावा म्हणून. आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आहे. तिथे पांढरा पांढराच दिसतो. मला सांगा, नक्कल कापडाची करायची की दिसण्याची?"

या प्रश्नावर एखाद्याला डॉक्टरेट मिळाली असती. मला फक्त चहा मिळाला, तोही गार.

चौकड्यांच्या बाबतीत मी बोललोच नाही. शिवणीवर चौकडी चौकडीला भिडली पाहिजे म्हणून हिने अर्धा मीटर कापड जास्त आणलं होतं. मला ती उधळपट्टी वाटली. पण दोन तुकडे कच्च्या टाक्यांनी जोडून तिने समोर धरले तेव्हा जोड कुठे आहे हे मला सापडेना. ती म्हणाली, "सापडत नाही ना? त्याचीच मजुरी असते." मजुरी अर्थातच कुणी देणार नव्हतं.

मशीनची घरघर चालू झाली आणि मला प्रश्न पडला, की सिनेमातला पोशाख घरी शिवण्याचं हे खूळ जगात पहिल्यांदा कुणी केलं असेल? गंमत म्हणजे जी ठळक हकीकत हाती लागली तीही १९३९ सालचीच. हा सिनेमा ऑगस्टात लागला आणि ती घटना जुलैतली.

२ जुलै १९३९ला न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. जमली होती दोनेकशे माणसं. सगळे साहित्य संमेलनाला यावेत तसे कोट-टाय घालून आलेले. आणि त्यांत लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट अॅकरमन नावाचा बावीस वर्षांचा तरुण खांद्यावर हिरवी झूल आणि खाली घोळदार विजार घालून अवतरला! सोबत मर्टल डग्लस या बाई, तशाच वेषात. चाहतेमंडळी त्यांना मोरोजो म्हणत. 'थिंग्ज टु कम' हा १९३६चा इंग्लिश सिनेमा आणि फ्रँक पॉल या चित्रकाराने मासिकांसाठी काढलेली चित्रं, यांवरून ते पोशाख घेतले होते. एच. जी. वेल्सच्या त्या सिनेमात २०३६ साली लोक कसे कपडे घालतील ते दाखवलं आहे. सगळे आपले झुली पांघरून हिंडताहेत. २०३६ तर आता तोंडावर आलं. आमच्या गल्लीत अजून तरी बायका गाऊनवर आणि पुरुष बर्म्युडावर आहेत. एवढ्या मोठ्या द्रष्ट्याला गाऊन दिसला नाही!

अॅकरमनला वाटलं होतं, सगळेच असे नटून येतील. आलं कुणीच नाही. आमंत्रणपत्रिकेचा चुकीचा अर्थ लावून मी एकदा मुंजीला सूट घालून गेलो होतो, तेव्हाचं माझं तोंड मला आठवलं. पण हा गडी तसाच न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरूनही हिंडला. पुढच्या वर्षी, १९४०ला, शिकागोच्या संमेलनात आणखी काहीजण वेष करून आले आणि तिथे वेशभूषेचा कार्यक्रमच झाला. मग ही प्रथा पडली. जपानमध्ये १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी तिला 'कॉस्प्ले' हे नाव दिलं. आता मुंबईतही अशा मेळाव्यांना तरुण मुलं महिनामहिना खपून शिवलेले पोशाख घालून जातात. आईबाप म्हणतात, अभ्यास सोडून हे काय? म्हणू देत. न्यूयॉर्कच्या लोकांनीही असंच काहीतरी म्हटलं असणार.

हे सगळं मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती खाली मान घालून टीप मारत होती. शेवटी म्हटलं, "आणि म्हणून अॅकरमनला या कलेचा जनक म्हणतात."

मशीन थांबलं. "ते दोन्ही पोशाख शिवले कुणी?"

मी कागद चाळले. "मोरोजोने."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"त्याने निदान काजं-बटणं तरी केली का?"

मी पेपरात डोकं घातलं. ही म्हणाली, "फाळक्यांच्या सरस्वतीबाईंचं तेच. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि रात्री फिल्मला भोकं पाडत बसायचं. पण १९१३ म्हटलं की नाव कुणाचं येतं? दादासाहेबांचं." आणि मशीन पुन्हा सुरू झालं. आता त्याची घरघर जरा मोठी वाटत होती. तेल घालायला झालं असेल.

तिला खूश करावं म्हणून मी अस्सल फ्रॉकची गोष्ट काढली. डॉरोथीचा पोशाख आखला हॉलिवूडच्या एड्रियन या नामांकित माणसाने. त्यांतला एक फ्रॉक वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात वर्षानुवर्षं पडून होता. तो २०२१ साली आवराआवरीत एका पिशवीत सापडला. खरा की खोटा हे तपासायला तज्ज्ञ बसले. खुणा कोणत्या? आतल्या बाजूला हाताने लिहिलेलं ज्युडी गारलंड हे नटीचं नाव आणि पिनाफोरच्या उजव्या अंगाला रुमालापुरता एक चोरखिसा.

"चोरखिसा? उजवीकडे?" ही ताडकन उठली. "अहो, हे आधी नाही का सांगायचं!" आणि झालेली शिवण तिने उसवायला घेतली. नटी, एड्रियन, विद्यापीठ सगळं राहिलं बाजूला. मी मात्र त्या नावाशी अडकलो. फ्रॉकवर नाव आहे ते घालणारीचं. इतिहासात नाव आहे ते आखणाऱ्याचं. जिने चौकडीला चौकडी भिडवली तिचं नाव आतही नाही आणि बाहेरही नाही.

बुटांचं काम रात्री जागून झालं. नातीच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर हिने जाळीचं कापड चढवलं आणि एकेक लाल टिकली हाताने टाकली. अस्सल बुटांची एक जोडी २००५ साली एका संग्रहालयातून चोरीला गेली आणि २०१८ साली सापडली. तेव्हा कळलं, की वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातली जोडी आणि ही जोडी यांच्यात एकेक बूट बदललेला आहे. देवळाबाहेर चपला बदलतात तसं! ती चोरीची जोडी २०२४च्या लिलावात खर्चासकट सव्वातीन कोटी डॉलरना गेली. हे ऐकून ही म्हणाली, "टिकल्या संपल्यात. उद्या अजून दोन पाकिटं आणा. डॉलर नकोत, सुटे पैसे घेऊन जा."

स्पर्धेचा दिवस आला. नात व्यासपीठावर चढली आणि निवेदकाने खणखणीत आवाजात पुकारा केला, "आता येत आहे, आदर्श विद्यार्थिनी!" पिनाफोर पाहून त्या भल्या माणसाला शाळेचा गणवेश वाटला. नातीने माइक हिसकावून खुलासा केला. पहिलं बक्षीस चांद्रयानाला गेलं, नातीला उत्तेजनार्थ मिळालं. निवेदकाने तेवढ्यात जोडून दिलं, "आणि या कल्पक पोशाखामागे मार्गदर्शन आहे ते तिच्या आजोबांचं!"

टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. अर्ध्या नमस्कारात हिच्याकडे नजर गेली. ती टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. बोटाला टिकल्यांच्या सुईने पडलेल्या भोकांवर चिकटपट्टी होती. मला एकदम न्यूयॉर्कची ती हिरवी झूल आठवली. तेव्हाच 'हे माझं नव्हे' असं म्हणायला हवं होतं. पण टाळ्या चालू असताना खरं बोलायला अॅकरमनपेक्षा जास्त धैर्य लागतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी तो फ्रॉक उलटा केला आणि आतल्या पट्टीवर बॉलपेनने हिचं नाव लिहिलं. नेमकी ही पाणी प्यायला उठली.

"हे काय? धोब्याला द्यायचाय का तो?"

मी काहीतरी पुटपुटलो. ती हसली आणि "शाई पसरेल" म्हणून झोपायला गेली.

चार दिवसांनी फ्रॉक दोरीवर वाळत होता. सहज आतली पट्टी पाहिली. बॉलपेनच्या अक्षरांवरून निळ्या दोऱ्याने बारीक टाके घातले होते.

"तुमचं अक्षर वाचता येत नाही म्हणून," ही म्हणाली.