डोक्यावर कुणी नाही?

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. आज शनिवार, बाहेर मुसळधार पाऊस, पोर्टच्या रस्त्यावर ट्रेलरची ही मोठी रांग. कुठे जायचा प्रश्नच नाही. शिवाय सोमवारपर्यंत एका माणसाला 'हो' की 'नाही' ते कळवायचंय. तेव्हा आज लिहूनच टाकतो.

तर झालं असं. मी न्हावा शेव्यात कंटेनरच्या आवक-जावकीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमचा जुना टीम लीड (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो) गेल्या वर्षी नोकरी सोडून गेला आणि स्वतःची कंपनी काढून बसला. चार जणं आहेत. परवा त्याचा फोन आला, "पाचवा तू ये. इथे डोक्यावर कुणी नाही बघ."

फोन ठेवला आणि मला आठवला हिरोनोबू साकागुची. आता ज्यांना व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांनी जरा धीर धरा, गोष्ट नोकरीचीच आहे :)

साकागुची म्हणजे 'फायनल फँटसी'चा जनक. १९८७ साली स्क्वेअर नावाच्या जपानी कंपनीत त्याने पहिला भाग केला. पुढची दहा वर्षं ही मालिका चढतच गेली, आणि १९९७ च्या सातव्या भागाने जपानी आरपीजी जगभर पोचवली. आरपीजी म्हणजे पात्रांची एक टोळी घेऊन तीस-चाळीस तास (कधी त्याहून जास्त) गोष्टीतून चालत जायचं, लढायचं, शिकायचं. एक प्रकारची कादंबरीच, फक्त पानं उलटायला लढाया कराव्या लागतात.

मग त्याला सिनेमा करायची हौस आली. होनोलुलूमध्ये स्टुडिओ थाटला, आणि २००१ मध्ये 'द स्पिरिट्स विदिन' हा पूर्ण संगणकावर बनवलेला चित्रपट आला. खर्च सुमारे १३.७ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री साडेआठ कोटींच्या आसपास. पडला. साकागुचीला वरच्या पदावरून पायउतार व्हावं लागलं. २००३ मध्ये स्क्वेअर आणि एनिक्स एक झाल्या, त्याच वर्षी तो बाहेर पडला. २००४ मध्ये त्याने मिस्टवॉकर नावाची छोटीशी कंपनी काढली. डोक्यावर कुणी नाही!

पहिला मोठा गेम 'ब्लू ड्रॅगन', डिसेंबर २००६. पात्रांची चित्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांची, संगीत जुना साथीदार नोबुओ उएमात्सूचं. गोष्ट साधी, पोराटोरांची. प्रत्येकाची सावली राक्षस होऊन लढते. पण एक गोष्ट मस्त आहे. मैदानात तुम्ही स्वतःभोवती एक वर्तुळ आखता आणि त्यात येतील तेवढे शत्रू एकाच लढाईत अंगावर घेता. कधीकधी ते आपापसातच भांडत बसतात! ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

वर्षभराने 'लॉस्ट ओडिसी'. चार डिस्कचा अवाढव्य गेम. नायक काइम हजार वर्षं जगलेला आहे, मरत नाही, आणि आठवणी हरवून बसलाय. वाटेत त्याला एकेक आठवण परत मिळते, तीही नुसत्या मजकुरातून. कियोशी शिगेमात्सू या कादंबरीकाराने लिहिलेल्या लघुकथा पडद्यावर उमटतात आणि आपण गप्प बसून वाचतो. मी खारघरच्या एका मित्राकडून जुना एक्सबॉक्स वन घेतला तो याच गेमसाठी. रात्री दोन वाजता डोळे पुसत बसलो होतो, हे कबूल करायला लाज वाटत नाही. खेळाचे नियमही गोष्टीतूनच आलेत. अमर पात्रं लढाईत पडली तर काही वेळाने आपोआप उठतात, पण नवं कसब त्यांना मर्त्य साथीदारांकडून शिकता येतं. जो मरणार आहे त्याच्याकडून शिकायचं. वा!

तिसरा 'द लास्ट स्टोरी', जपानात जानेवारी २०११, निन्टेंडोच्या वीवर. दिग्दर्शन स्वतः साकागुचीचं. आधीच्या दोन्हींत लढाई पाळीपाळीने चालायची, इथे ती मोडून टाकली. सगळं एकाच वेळी धावतं. नायक शत्रूंचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतो, तेवढ्यात बाकीचे मंत्र पुरे करतात. माझ्या मामेभावाने अमेरिकेतून जुना वी आणला, ११० व्होल्टचा. त्यासाठी घरात वीटेएवढा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागला, आईने त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही. लढाई तिघांत याचीच सगळ्यात जिवंत. गोष्ट मात्र 'लॉस्ट ओडिसी'च्या पासंगालाही पुरत नाही.

आता इंजिनियरच्या सवयीने जरा आत डोकावून बघू. 'ब्लू ड्रॅगन'चं प्रत्यक्ष बांधकाम आर्टून या कंपनीचं. 'लॉस्ट ओडिसी'चं फीलप्लसचं. दोन्हींचं प्रकाशन मायक्रोसॉफ्टचं, कारण त्यांना जपानात एक्सबॉक्स खपवायचा होता. 'लास्ट स्टोरी' निन्टेंडोचा, आणि तो अमेरिकेत आणावा म्हणून खेळणाऱ्यांना 'ऑपरेशन रेनफॉल' नावाची मोहीम चालवावी लागली. शेवटी २०१२ मध्ये तिथे तो काढला एक्ससीड या दुसऱ्याच प्रकाशकाने. म्हणजे स्वतंत्र कंपनी खरी, पण गेम कुठल्या यंत्रावर चालणार आणि कुठल्या देशात विकला जाणार हे ठरवणारा दुसराच कुणीतरी.

मग २०१४ मध्ये मोबाईलवर 'टेरा बॅटल'. शत्रूला दोन बाजूंनी चिमटीत पकडायचं, एवढाच नियम. डाउनलोड वाढतील तसे नवे कलाकार, नवं संगीत जोडत जाऊ असं वचन. कॉलेजला असताना पनवेल लोकलमध्ये मी हाच खेळायचो. जून २०२० मध्ये सर्व्हर बंद झाला. एक्सबॉक्स वनवर 'लॉस्ट ओडिसी' आजही लागतो. 'टेरा बॅटल'मधली माझी सगळी पलटण मात्र गेली. बॅकअप नाही, काही नाही.

इथे मला आपले शांतारामबापू आठवतात. १९२९ मध्ये कोल्हापुरात भागीदारांबरोबर प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली, आणि १९४२ मध्ये बापू तिथून बाहेर पडले. मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. वडील राजाराम, आई कमल, दोघांच्या नावावरून. १९४३ चा 'शकुंतला', १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', पार १९७२ च्या 'पिंजरा'पर्यंत. बापूंनी नुसती कंपनी काढली नाही, स्टुडिओच स्वतःचा केला. साकागुचीने माणसं जमवली, कल्पना आणल्या, पण बांधायला दुसऱ्याचे हात आणि विकायला दुसऱ्याचं दुकान. बापूंच्या डोक्यावर खर्चाचं ओझं राहिलं असणार, पण दार लावायचं की उघडं ठेवायचं हे त्यांच्या हातात होतं.

२०२१ मध्ये साकागुचीने 'फँटॅशियन' काढला. दीडशेच्या वर हाताने बनवलेले छोटे देखावे, त्यांचे फोटो काढून त्यांत पात्रं चालवलेली. परत पाळीपाळीची लढाई. आणि ते वर्तुळ आठवतंय? इथे त्याचं पोक्त रूप आहे. वाटेत भेटणारे शत्रू एका यंत्रात साठवायचे आणि सवडीने सगळ्यांशी एकदम लढायचं. पंधरा वर्षांनी तीच खाज, जास्त शहाणपणाने. माझ्या मते गोष्टीत 'लॉस्ट ओडिसी' पहिला, खेळात 'फँटॅशियन'. पण तोही सुरुवातीला फक्त अ‍ॅपल आर्केडवर. इतर यंत्रांवर आला तो डिसेंबर २०२४ मध्ये, आणि प्रकाशक कोण? स्क्वेअर एनिक्स! वीस वर्षांनी गडी परत जुन्या दारात. हरून नव्हे, आपला गेम जास्त लोकांनी खेळावा म्हणून.

हे सगळं काल जेवताना बाबांना सांगितलं. आमची जमीन सिडकोत गेली, आणि दि. बा. पाटलांच्या लढ्यामुळे साडेबारा टक्क्यांच्या योजनेत प्लॉट मिळाला, त्यावर हे घर उभं आहे. बाबांनी गेममधलं किती ऐकलं देव जाणे. म्हणाले, "डोक्यावर कोण आहे ते नंतर बघ रे. सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आधी विचार."

आज सकाळी दादाला फोन करून तेच विचारलं. एकच ग्राहक, सर्व्हर त्याचा, आणि करारात लिहिलेला सगळा कोडही त्याचाच. दादा थोडा वेळ गप्प झाला, मग म्हणाला, "दुसरा ग्राहक शोधतोय, त्या करारात आपलं नाव घालू." मी म्हटलं, आधी तो करार दाखव, मग राजीनामा लिहितो. वैतागला नाही. उद्या संध्याकाळी कागद घेऊन घरी येतोय.

'लॉस्ट ओडिसी'ची तिसरी डिस्क परत लावलीय तोवर. असो. तूर्तास इतकंच.